सपाट चमचा

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांना यातलं अर्धं माहीत आहे. सासूबाईंना काहीच माहीत नव्हतं. आणि जिला सगळं माहीत असायला हवं होतं तिला — तिला मी स्वतः खोटं सांगितलं. एकदा नाही, तीनदा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात काय नि घरात काय, मुद्द्याचं बोलून मोकळं व्हायचं ही माझी रीत. पण या एका गोष्टीपाशी आले की मी भलतंच बोलत सुटते — बाळाचं तेल, बाळाची दुपटी, बाळाचं खाणं. शाळेतल्या नव्या मुली बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या की मला विचारतात, ‘बाई, तुमचा प्रशांत कसा धट्टाकट्टा! लहानपणी काय दिलंत हो त्याला?’ मी सांगते. पहिले सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही. मग नाचणीचं सत्त्व. घाण्यावरचं खोबरेल कोमट करून सकाळच्या उन्हात चोळायचं. जुन्या सुती लुगड्याचे लंगोट — उकळून, उन्हात कडकडीत वाळवून. प्लॅस्टिकची चड्डी नको, टाल्कमचा फुफाटा नको, बाटली तर नकोच नको. मुली माना डोलावतात. एकीनं वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

सांगते ते खरंच सांगते. प्रशांत असाच वाढला. पण त्याला असं वाढवलं ते मी नाही. आणि ज्या दिवशी हे चारचौघांत सांगायची वेळ आली होती, त्या दिवशी मी काय सांगितलं?

थांबा. आधी बिरवाडी सांगते.

तेव्हा आम्ही बिरवाडीत भाड्यानं राहत होतो. औद्योगिक वसाहत नुकती वाढायला लागली होती. हे एका केमिकल कारखान्यात फिटर. शेजारच्या गावातल्या कोणीतरी भाताचं खाचर बुजवून सहा खोल्यांची पत्र्याची चाळ काढली होती. तिसरी खोली आमची, चौथी ताराची. ताराचा नवरा ह्यांच्याच कारखान्यात हेल्पर. ती माणसं मूळची नाते गावची, तिथल्या बौद्धवाडीतली. आम्ही पोलादपूरकडचे, वर डोंगरातल्या वाडीतले मराठे. हे लिहावं लागतंय, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. एरवी चाळीत कोणी कोणाला विचारत नव्हतं — निदान मी विचारत नव्हते. विहिरीवर तारा आणि मी एकदमच पाणी भरायचो. वर्गात समतेचा धडा घेताना माझा आवाज चांगला खणखणीत लागायचा.

ताराची सुजाता आणि माझा प्रशांत यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर. सुजाता मोठी.

प्रशांत दीड महिन्याचा असताना मला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी अंगावर पाजायला बंदी केली, आणि तापानं दूध तसंही आटत चाललं होतं. ह्यांनी महाडहून पावडरचा डबा आणला. ते दूध पोराच्या पोटात ठरेना. पाजलं की ओकायचा, ओकला की रडायचा, रडून रडून काळानिळा व्हायचा. चौथ्या दिवशी दुपारी तारा दारात येऊन उभी राहिली. कडेवर सुजाता.

‘बाई, पोराचा गळा बसला रडून, नि तुम्ही चमचा काय फिरवत बसलात? आणा इकडं त्याला.’

हे माझ्याकडे बघत होते, मी भिंतीकडे.

‘माझं वाया चाललंय नि तुमचं उपाशी हाय,’ ती म्हणाली. ‘चालत नसंल तर तसं सांगा. मी जाते.’

मी पोर उचललं आणि तिच्या हातात दिलं. ती तिथंच उंबऱ्याच्या आत पाठमोरी बसली. दोन मिनिटांत रडणं थांबलं. घरात इतकं शांत झालं की पत्र्यावर कावळा चालत होता त्याची नखं ऐकू आली.

ताप गेला, अशक्तपणा गेला, पण माझं दूध परत आलं नाही. मी शाळेत जायला लागले. प्रशांत दिवसभर ताराकडे, आणि रात्री भूक लागली की मधल्या भिंतीवर टकटक करायची, ती येऊन घेऊन जायची. दोन्ही पोरं एकाच झोळीत, उलटसुलट झोपवलेली. पाजायला बसली की आधी प्रशांत, मग सुजाता. मी एकदा म्हटलं, ‘अगं, आधी तिला पाज.’ तर हसली. ‘पाव्हणा आधी, बाई. घरचं माणूस काय, मागनं जेवतंय.’

मागनं जेवणारी ती पोर सडसडीत राहिली. आजारी नाही, किरकिरी नाही, डोळे तर असे लखलखीत की बघत राहावं. पण अंगावर मांस नाही. आणि माझा लेक दंडाला वळ्या पडलेला, गालांनी डोळे झाकलेला. हे गणित मला कळत होतं. कळत होतं आणि मी ते मांडत नव्हते.

बाकीचंही सगळं ताराचंच. मी शाळेत तिसरीला आरोग्याचा पाठ शिकवत होते, पण घरात बाळ कसं सांभाळायचं ते तिनं शिकवलं. तिच्या सासूच्या जुन्या लुगड्यांचे लंगोट तिनं फाडून दिले, मऊ, लोण्यासारखे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका सावलीत वाळवायचा — हे मी तिच्या पडवीत बसून पाहिलं. सहावा संपल्यावर पहिला चमचा तिनंच भरवला. दोघांना एकाच वाटीतून.

आणि तो पावडरचा डबा? तो मी फेकला नाही. रिकामा करून, घासून फळीवर पुढंच ठेवला. वर गुटगुटीत बाळाचं चित्र. का ठेवला? — सासूबाई दर पंधरा दिवसांनी पोलादपूरहून यायच्या, म्हणून. त्या आल्या की तारा येत नसे. मी तिला कधी येऊ नको म्हटलं नाही, तिला म्हणावं लागलं नाही. ती दुपारी विहिरीच्या वाटेवर, करंजाच्या झाडाआड उभी राहायची, मी पोराला ‘फिरवून आणते’ म्हणून तिथं न्यायची. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन विचारायच्या, ‘काय गो, काय पाजतेस ह्याला?’ मी म्हणायची, डब्याचं. ‘आँ? डब्यावर असा फुगला? बघा बाय, काय काय निघालंय!’ आणि मग पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर ओळखीच्या प्रत्येक बाईला त्या ते सांगायच्या.

त्यांना खरं कळलं असतं तर? आकांत केला असता, हे नक्की. महिनाभर अन्नपाणी घेतलं नसतं माझ्या हातचं. पण त्यांच्यावर ढकलून मला सुटता येणार नाही. खोटं त्यांच्यासाठी सुरू झालं, पण त्या नसतानाही तो डबा मी फळीवरच ठेवत होते.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत महाडला एका महिला मंडळानं सुदृढ बालक स्पर्धा ठेवली. एका शाळेच्या सभागृहात, चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर. तळ्याचं मी अधिक काही लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळतं. प्रशांतला घेऊन आम्ही गेलो — मी, हे, सासूबाई, आणि तारा. तारा कशाला? प्रशांत परक्या गर्दीत फक्त तिच्याकडे शांत राहायचा म्हणून; सासूबाईंना सांगितलं, शेजारीण आहे, पोर धरायला. एस.टी.त तो तिच्या मांडीवर होता आणि सुजाता माझ्या. सभागृहाच्या दारात आम्ही पोरांची अदलाबदल केली.

वजन केलं, उंची घेतली, डॉक्टरीणबाईंनी दात-डोळे पाहिले. प्रशांतचा पहिला नंबर आला. मला व्यासपीठावर बोलावलं. समोर कारखान्यांच्या साहेबांच्या बायका, गावातल्या प्रतिष्ठित बाया, पुढच्या रांगेत सासूबाई नवीन लुगडं नेसून. अगदी मागं दारापाशी, भिंतीला टेकून, सुजाताला खांद्यावर घेतलेली तारा. तिचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. हसत होती. माझ्यापेक्षा जास्त खूश होती.

अध्यक्षीणबाईंनी माइक माझ्या तोंडापुढं धरला. ‘सगळ्या मातांना सांगा, बाळाचा आहार काय?’

काय अवघड होतं? एक वाक्य. ‘त्या तिथं उभी आहे तिचं दूध.’ शिक्षक आहे मी, चाळीस पोरांपुढं रोज बोलते. किंवा नाव न घेता नुसतं ‘आईचं दूध’ म्हटलं असतं, तरी चाललं असतं — निम्मं खरं झालं असतं, ताराला कळलं असतं, बाकीच्यांना नसतं कळलं. तेवढी हुशारीसुद्धा दाखवली नाही मी. मी म्हटलं, ‘डब्याचं दूध. पहिल्यापासून. आणि स्वच्छता.’

टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी आणि पावडरचे दोन डबे मिळाले. परत येताना तारा नेहमीसारखीच बोलत होती. फक्त प्रशांतला घ्यायला तिनं हात पुढं केला नाही, मी दिल्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे आली. सासूबाई पहिल्या गाडीनं गेल्या होत्या, हे कामावर. खोलीत आम्ही दोघी आणि खाली सतरंजीवर दोन पोरं. हे लक्षात घ्या — आम्ही दोघीच. घाबरावं असं तिथं कोणी नव्हतं.

ती बराच वेळ पोरांकडे बघत होती. मग म्हणाली, ‘बाई, एक विचारू? तो फळीवरचा डबा मी रिकामाच समजत होते. तुम्ही मधनंमधनं देत होतात होय त्याला?’

मी प्रशांतचं दुपटं सारखं करत बसले.

‘म्हणजे तसंच असंल,’ तीच म्हणाली. ‘मी रोज म्हणायची, दोघं माझ्याच अंगावर पितात नि हा असा, ही अशी कशी? म्हटलं पोरीची हाडंच काटक. आता कळलं. माझ्यात कस नव्हता. त्या डब्यानं झाला तो.’

रागानं नव्हती म्हणत. कोडं सुटलं म्हणून तिला बरं वाटत होतं. तिच्या डोळ्यांपुढं दोन पोरं होती आणि उत्तर चुकीचं निघत होतं, आणि बरोबर उत्तर एकट्या मला माहीत होतं — तुझी पोर बारीक आहे, कारण तिचं दूध माझ्या पोरानं प्यायलं. पण ते सांगायचं तर काल व्यासपीठावर खोटं का बोलले तेही सांगावं लागलं असतं. काय सांगणार होते? तुझं नाव घ्यायची मला लाज वाटली, असं? तिच्या तोंडावर?

मी म्हटलं, ‘हो. देत होते थोडं थोडं.’

आणि पुढं जे केलं ते मी उपकार फेडायचा म्हणून केलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. बक्षिसाचे दोन्ही डबे उचलून तिच्या हातात ठेवले. म्हटलं, ‘घे. सुजालाही दे आता.’

तिनं दिलं. बाटली घेतली महाडच्या बाजारातून, गुलाबी बुचाची. बाईंच्या पोरासारखी आपली पोर व्हावी म्हणून तिनं अंगावर घेणं बंद केलं. प्रशांतला मी तोवर सत्त्व, भात, वरचं दूध असं सुरू केलं होतं. त्यालाही तिच्याकडे पाजायला द्यायचं सोडलं, आता कोणत्या तोंडानं देणार? दोघांनी एकदम सोडल्यावर तिचं दूध महिन्याभरात गेलं.

दोन डबे आषाढात संपले. तिसरा त्यांनी विकत आणला, तो पुरवून पुरवून वापरायचा होता. विहिरीचं पाणी गढूळ, लाकडं ओली, चूल पेटता पेटेना. पाणी कधी उकळलं जायचं, कधी नुसतं कोमट व्हायचं. मी ती बाटली पाहिली होती. आतलं दूध निळसर, पातळ, आरपार बोटं दिसावीत असं. मी व्यवहारी बाई आहे, माझ्या नजरेतून असलं काही सुटत नाही. मी म्हटलं, ‘तारा, जरा दाट कर गो.’ ती म्हणाली, ‘व्हय बाई.’ आणि मी छत्री उघडून शाळेत गेले.

श्रावणात सुजाताला जुलाब सुरू झाले. पहिले दोन दिवस घरचंच काय काय केलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिला घेऊन महाडला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोरीच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं, ते तसंच उभं राहिलं. त्यांनी विचारलं, ‘अंगावर येत होतं ना? मग वरचं कशाला सुरू केलंस? कोणी शिकवलं हे शहाणपण?’

मी ताराच्या शेजारी उभी होते, खांद्याला खांदा लागून.

तारा म्हणाली, ‘कोणी नाय डॉक्टर. मीच.’

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाता गेली. नऊ महिन्यांची होती.

नात्याला नेली तिला. मी गेले होते. परत आल्यावर चार-पाच दिवसांनी तारा पडवीत बसली होती, समोर तो अर्धा डबा आणि त्यातला प्लॅस्टिकचा चमचा. मला म्हणाली, ‘बाई, माझं मापच चुकलं. एक चमचा कमी घालायची मी, डबा पुरावा म्हणून. तुमचं पोर त्याच डब्यावर कसं झालं नि मी माझी पोर मारली.’

तिनं हे विचारलं नव्हतं. पण थांबून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बाई काय म्हणतात, याची वाट बघत. मी नाही म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. माझं ती सगळंच ऐकायची.

मी म्हटलं, ‘चुकलं असेल माप.’

कारणं माझ्याकडे होती. या कागदावर ती लिहून बघितली आणि खोडली. सासूबाईंचं एक कारण होतं, तर त्यांना जाऊनही आता चार वर्षं झाली. ह्यांना ती दूध पाजत होती हे माहीत आहे. ‘देत होते थोडं थोडं’ आणि ‘चुकलं असेल माप’ हे माहीत नाही. प्रशांत आता माझ्या डोक्यावर वीतभर उंच आहे. घरात जुने फोटो निघाले की त्याला स्पर्धेतला फोटो दिसतो — मी, तो, हातात डबे. एकदा हसून म्हणाला, ‘आई, मी म्हणजे डब्याची जाहिरातच की!’ मी म्हटलं, फोटो जागेवर ठेव.

तारा नात्याला परत गेली, आम्ही महाडला घर केलं. दिवाळीच्या आधी ती नाचणीचं सत्त्व पाठवते, प्रशांतसाठी, अजून. पुरचुंडी जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात बांधलेली असते.

एक राहिलं. ते टाळत इथवर आले.

सुजाता गेल्यानंतर दोन वर्षांनी ताराला मुलगा झाला. तेव्हा आम्ही सगळे अजून बिरवाडीतच होतो. बाराव्या दिवशी ती माझ्या दारात आली. एका हातात पोर, पिशवीत नवा कोरा डबा आणि भाजीची सुरी.

‘ह्या टायमाला पहिल्यापासून डबाच, बाई,’ ती म्हणाली. ‘पण मापात चूक नको. तुम्ही शिकलेल्या. मला नीट दाखवा.’

मी तिला खाली बसवलं. पाणी वीस मिनिटं उकळायचं, सांगितलं. बाटली कशी उकळायची, सांगितलं. चमचा भरायचा, पण दाबून नाही, शीग नाही — सुरीची पाठ वरून फिरवायची, म्हणजे सपाट होतो. मी एक करून दाखवला. मग सुरी तिच्या हातात दिली.

पोर मांडीवर कुरकुरायला लागलं होतं. तारा जीभ दातांत धरून, एकाग्र होऊन, चमच्यावरून सुरी फिरवत होती. पोराच्या आवाजानं तिच्या पोलक्याच्या दोन्ही बाजू ओल्या होत गेल्या. तिलाही कळत होतं, मलाही दिसत होतं. तिनं पदर पुढं ओढून घेतला आणि चमचा माझ्या डोळ्यांसमोर धरला, अगदी सपाट, कणभर इकडंतिकडं नाही.

‘बरोबर ना, बाई?’

मी म्हटलं, ‘बरोबर.’